जुलैतलं ओतकाम

१२ जून

गेली! चार फेरीबोटींवरच्या दोर खेचायच्या विंचांची ऑर्डर गेली, चिन्यांनी नेली. बोटी बांधणारं यार्ड पोलंडचं, म्हणजे आम्हा फिनलंडवाल्यांच्या दाराशीच. विक्री माझ्याकडे, पण आमचं कोटेशन जायच्या आत त्यांचं कोटेशन, ड्रॉइंग्ज, वर वाहतूक फुकट. आणि आम्ही? आम्ही अजून विचार करत होतो. विचार करण्यात आमच्या कंपनीचा हात कुणी धरणार नाही.

दुपारी संचालकांची मीटिंग. सरळच सांगितलं त्यांनी. ग्रीकांचं काम मिळालं तर लोखंड ओतायची आमची फाउंड्री राहील, नाहीतर ऑगस्टात बंद. ओतीव भाग बाहेरून मागवायचे. बाहेरून म्हणजे चीनमधूनच, दुसरं कुठून! चाळीसएक माणसं घरी बसतील. त्यांत माझा दीर टाइस्तो, कामगारांचा पुढारीही तोच. आउलिस कंकारे मीटिंगभर खिडकीबाहेर बघत होता. मालक तो, फाउंड्री त्याच्या आजोबांनी घातलेली. एक शब्द नाही! शेवटी म्हणाला, "कॉफी संपली वाटतं."

मला ओरडावंसं वाटलं.

१३ जून

ब्रुसेल्सहून आमच्या उद्योगसंघटनेचा अहवाल आला, युरोपच्या जहाजसामग्री उद्योगाचं भवितव्य. भवितव्य म्हणे 'सावध आशादायी'! तंत्रज्ञानात आपण पुढे, दर्जात पुढे, मात्र जहाजं आता आशियात बांधली जातात, सबब स्पर्धाक्षमता वाढवणे गरजेचे. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! वाढवणे म्हणजे नेमकं कुणी, कशी, सोमवारी सकाळी काय करून — ते एका पानावर नाही.

एस्को म्हणाला, "घरी आणू नकोस ती बाडं. जेवताना तुझा पाय टेबलाखाली शिलाई मशीनसारखा हलतो." नवरा शाळेत सुतारकाम शिकवतो. त्याची सुट्टी लागली आहे. त्याला बोलायला काय जातंय.

१६ जून

वामवाकासशी तासभर फोन. ग्रीसमधल्या पिरेयस बंदरातल्या मोठ्या जहाजमालकाचा तांत्रिक अधिकारी आहे हा कॅप्टन. सहा जुनी मालवाहू जहाजं नव्यानं सजवणार, डेकवर नव्या विंचा बसवणार. धक्क्याला लागलं की दोर खेचून अख्खं जहाज धरून ठेवायचं, ते आमचं यंत्र. एकेका जहाजाला दोन. हीच ती ऑर्डर.

"मॅडम हिल्का, तुमची विंच मोडत नाही, मान्य! आईशप्पथ मान्य! तीस वर्षं चालते. पण मी जहाज दहा वर्षांनी विकतो. पुढच्या वीस वर्षांच्या मजबुतीचे पैसे मी का भरू? ज्याला जहाज विकीन तो माझा जावई लागतो का?"

मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र हसू आलं नाही, कारण माणूस खरं बोलला. बाकीच्या कंपन्या सुट्या भागांवर जगतात. आमचं मोडतच नाही, तर भाग कोण मागणार?

चिन्यांपेक्षा आम्ही पंधरा टक्के महाग आहोत. तेवढे कमी करा म्हणतो. माल ऑक्टोबरात हवा.

१८ जून

आउलिसशी भांडले. म्हणजे मी भांडले, तो उभा होता.

मी म्हटलं, "हलकी विंच काढू. गिअरभोवतीचं घर पातळ, गिअर स्वस्त. पंधरा वर्षं चालली की बास. त्याला तेवढंच हवंय!"

"आणि सोळाव्या वर्षी?"

"सोळाव्या वर्षी जहाज त्याचं नसेल."

"विंच आपली असेल. नाव आपलं आहे तिच्यावर. तिच्याजवळ कुणीतरी पोरगा उभा असेल. ब्रेक सुटला, दोर सुटला, तर त्याचे पाय गेले, हिल्का."

बरोबर असलेल्या माणसाचा राग जास्त येतो. दार आपटून बाहेर आले. दारही यांचंच, आपटल्यावर हललंसुद्धा नाही.

२० जून

युहान्नुस, भर उन्हाळ्याचा सण. सगळा फिनलंड पाण्याकाठी पळाला. दुपारी बारानंतर गावात चिटपाखरू नाही. आम्हीही आमच्या उन्हाळी झोपडीवर आलो. नवे बटाटे, हेरिंग मासे, सॉना, संध्याकाळी किनाऱ्यावर होळी. एस्को लाकडं रचतोय, शिट्टी वाजवतोय. मी फोन घेऊन खडकावर, तिथंच रेंज येते.

आणि आलाच निरोप! "चिनी कंपनीची तीन माणसं आज पिरेयसमध्ये माझ्यासमोर बसली आहेत. मंगळवारपर्यंत तुमचा शेवटचा भाव. — वामवाकास."

आउलिसचा फोन बंद. बंदच असणार! युहान्नुसला फोन बंद करून बेटावर जातो, तो ऑगस्टात परततो. त्याचे आजोबा तसंच करायचे, वडील तसंच करायचे. आजोबांकडे फोन होता का, हा प्रश्न विचारायचा नाही. चिनी माणसं विमानानं ग्रीसला गेली नि आमचा मालक होडीतून बेटावर!

एस्को म्हणाला, "अगं, दोन दिवस जग बुडत नाही."

जग नाही, फाउंड्री बुडते. तुझा भाऊ आहे तिथं. बोलले तसं. नको होतं बोलायला, त्याची शिट्टी थांबली.

२२ जून

एस्कोनंच होडी काढली. मला बेटावर नेऊन सोडलं. "मी मासे बघतो," म्हणाला नि लांब जाऊन बसला. गुणी आहे, पण सांगणार नाही त्याला.

आउलिस पायऱ्यांवर, सॉनातून नुकताच आलेला, अंगाभोवती टॉवेल. मला बघून नवल नाही, राग नाही. कॉफी ओतली. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यानं मान हलवली, सदरा घातला. मी तिथूनच वामवाकासला फोन लावला, चेहरे दिसतील असा.

मग जे झालं ते लिहून ठेवायलाच हवं.

वामवाकास म्हणाला, "पंधरा टक्के कमी करा, आजच बोलणी पुढे नेतो."

आउलिस पाण्याकडे बघत राहिला.

"हॅलो?... हॅलो! मॅडम, लाइन गेली का?"

लाइन चांगली होती. समुद्रावरचे पक्षीसुद्धा त्याला ऐकू जात असतील. आउलिस बघतोय पाण्याकडे. मी त्याच्या पायावर पाय दिला. ढिम्म!

"बरं, तेरा," वामवाकास म्हणाला.

शांतता.

"देवा! तुमच्याशी बोलायचं म्हणजे चर्चच्या भिंतीशी बोलणं. दहा! दहा टक्के! याच्या खाली गेलो तर माझा मालक मला समुद्रात फेकेल."

तेव्हा आउलिस वळला. "मी गिअरच्या दातांचा विचार करत होतो," म्हणाला. "नवीन साच्यात घर एकाच ओतात निघेल. जाडी कमी न करता वेल्डिंग वाचतं. दहा जमेल."

हसावं की रडावं! तो खरंच दातांचाच विचार करत होता. फोन ठेवल्यावर विचारतो कसा — "हा माणूस इतकं का बोलतो?"

मात्र वामवाकास उत्तर देणार जुलैअखेर, मालकाची सही लागते. आणि माल ऑक्टोबरातच हवा. म्हणजे सही यायची वाट बघत बसलो तर गेलं. ओतकाम जुलैतच व्हायला हवं. ऑर्डर हातात नसताना. सगळ्यांच्या उन्हाळी सुट्टीत!

आउलिस म्हणाला, "टाइस्तोला विचार. मी हुकूम देणार नाही. जुलै त्यांचा आहे."

२५ जून

जुलै सोडा असं फिनिश माणसाला सांगणं म्हणजे पोटचं पोर दे म्हणण्यासारखं. अंधार, चिखल, बर्फ यांत अकरा महिने काढायचे ते या एका महिन्यासाठी. मला वाटलं, हाकलून देतील.

फाउंड्रीत सगळे उभे. मी सगळं खरं सांगितलं, ऑर्डर नाही हेही. टाइस्तो हात मागे बांधून ऐकत होता. वहिनी म्हणून एका शब्दाची सवलत नाही!

"म्हणजे आम्ही सुट्टी सोडायची, भट्टी पेटवायची, नि तो ग्रीक नाही म्हणाला तर?"

"तर बारा विंचांचं लोखंड अंगणात पडून राहील. आणि फाउंड्री बंद."

"आणि नाही पेटवली तर?"

"तरी बंद."

कुणीतरी मागून म्हणालं, "मग विचारायचं काय त्यात? बायकोला कोण सांगणार तेवढं बोला." हशा झाला. टाइस्तो म्हणाला, "हात वर करा." सगळे वर! एक नाही राहिला.

बाहेर येऊन गाडीत बसले नि रडले. लिहून टाकते, इथं कोण बघतंय.

१ जुलै

भट्टी पेटली. गावात फक्त आमचाच धूर.

५ जुलै

चिडचिड. वामवाकासचा निरोप नाही. दर तासाला बघते. एस्को झोपडीवर एकटाच, मी गावात. फोनवर म्हणाला, "ब्लूबेरी पिकायला लागल्यात." पिकू देत!

९ जुलै

पहिलं घर निघालं. एकाच ओतात, एक भेग नाही. आउलिस बेटावरून आला — जुलैत! लोकांनी काम थांबवून बघितलं, जणू आर्चबिशपच आला. त्यानं ओतीव भागावर हातोडी मारली, कान लावला. पुन्हा मारली. "छान," म्हणाला.

टाइस्तो मला नंतर हळूच म्हणाला, "बावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकला हा शब्द."

आनंद झाला. तो टिकतच नाही. वामवाकासला फोटो पाठवले. त्याच्याकडून तीन अंगठे, बाकी काही नाही. अंगठ्यांवर फाउंड्री चालत नाही.

१६ जुलै

चिन्यांनी भाव आणखी उतरवला म्हणे. ऐकीव आहे. कुणाकडून ऐकलं? तुर्कू शहरातल्या एका दलालाकडून, तो तर स्वतःच्या आईबद्दलही खोटं बोलेल. तरी झोप नाही. इथं उन्हाळ्यात रात्रीही उजेड जात नाही, त्यामुळे आपण झोपलो नाही हे कळायलाही उशीर होतो.

२१ जुलै

सहावा संच निघाला. माणसं उघड्या दारात बसून दही आणि राय धान्याची भाकरी खातात, उन्हाकडे बघतात. कुणी कुरकुरत नाही. कुरकुरले असते तर बरं वाटलं असतं. जुना साचेवाला काल्लेर्वो विचारत होता, "ग्रीसमध्ये आत्ता किती तापमान?" मी म्हटलं, चाळीस. "मग तो सावलीत बसून विचार करत असेल," म्हणाला, "चांगलं आहे." माझ्यापेक्षा त्याचाच विश्वास जास्त.

आम्ही सगळे देव पाण्यात घालून बसलो आहोत.

२६ जुलै

एस्को झोपडीवरून ब्लूबेरीची पेस्ट्री घेऊन आला, फाउंड्रीत सगळ्यांना पुरेल एवढी. स्वतः भाजली, कडा करपलेल्या. भावाशेजारी बसून खाल्ली. दोघे अर्धा तास काही बोलले नाहीत, आणि उठताना टाइस्तो म्हणाला, "बरं झालं आलास, मनसोक्त गप्पा झाल्या." या लोकांत मी जन्मले, तरी हे मला जमलं नाही.

२८ जुलै

वामवाकासचा निरोप! "भाव चिन्यांच्या खाली आला आहे. मालक तुमच्या बाजूने आहे. गुरुवारी फोन करतो."

मोठ्यानं ओरडले, ऑफिसात एकटीच. मग टाइस्तोला सांगितलं. नको होतं सांगायला, पण राहवेना. त्यानं हातमोजे काढले नि माझा हात हातात घेतला.

३१ जुलै

फोन आला. चिन्यांना नाही दिलं काम. आम्हालाही नाही.

त्या जहाजमालकाला, जहाजं मोडीत काढतात त्या किनाऱ्यावर, भंगारात आलेलं एक जुनं जहाज सापडलं, आणि मग तशीच आणखी पाच. त्यांच्या विंचा उचलल्या, बाराच्या बारा, चौथाई भावात. चिन्यांच्या खाली आलेला भाव तो हा! धुतल्या, तपासल्या, सगळ्या चालल्या. "तुमच्याच आहेत, मॅडम हिल्का! कंकारे! एकोणीसशे एक्याण्णवच्या!" वामवाकास मनापासून खूश होता. "अभिनंदन म्हणायला फोन केला."

आउलिसला सांगितलं. सोमवारपासून भट्टी बंद, हेही मीच म्हणाले. तर तो विचारतो —

"गिअर बदललेत का त्यांनी?"

नाही. मी विचारलं होतं. मूळचेच आहेत.