साडूचं गवत

५ मार्च, रविवार
साडूकडे जेवायला गेलो. जेवण बरं होतं. नंतर त्याने हॉलमधलं टेबल दाखवलं. टेबलावर पुठ्ठ्याची टेकडी, तिच्यावर बोटाएवढी आगगाडी आणि टेकडीभर गवत. रंगवलेलं नव्हे, उभं! एकेक पातं सुटं. सासऱ्यांनी वाकून फुंकर मारली तर हललं. म्हणाले, शाब्बास, अगदी जिवंत.
अकरा वर्षं मी या घरचा थोरला जावई आहे. एकदाही शाब्बास मिळालेलं नाही. त्यांचा गळका नळ दुरुस्त केला तेव्हा 'ठीक' मिळालं होतं.
मला काहीही वाटलं नाही. रस्त्यात बायकोने विचारलं, चेहरा असा का केलाय. म्हटलं, अपचन.

६ मार्च
संकल्प. सासरे स्टेशनमास्तर होते. त्यांचं छोटं स्टेशन पाडून टाकलं, हे ते दर भेटीत सांगतात. ३० एप्रिलला त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. मी त्यांना ते स्टेशन करून देणार. तिकीटखिडकी, बाक, सिग्नल. आणि फलाटाच्या टोकाला गवत. साडूपेक्षा दाट.
गुप्तता महत्त्वाची. फक्त बायकोला सांगितलं. बहिणीला सांगणार नाही म्हणाली.

७ मार्च
साडूचा फोन. आयडिया फार छान आहे म्हणाला.
मग न विचारता सगळी कृती सांगितली. गवत उभं करायचं मशीन विकत घेऊ नका, घरी होतं. डास मारायच्या रॅकेटमधलं सर्किट काढायचं. एक वायर चहाच्या गाळणीला. दुसरी खिळ्याला, आणि तो खिळा मॉडेलवरच्या ओल्या गोंदात खुपसायचा. गाळणीत नायलॉनचे तंतू भरून बटण दाबून हलवायचं. करंटने तंतू गोंदात ताठ उभे राहतात. दुसरी वायर तेवढी विसरू नका, म्हणाला. तीनदा म्हणाला.
तीनदा का म्हणाला?

८ मार्च, सकाळी ७
रात्रभर विचार केला. कुठला साडू आपलं गुपित फुकट सांगेल? नव्वद टक्के खरं सांगायचं आणि एका ठिकाणी खड्डा खणून ठेवायचा, ही जुनी युक्ती. खड्डा म्हणजे ती दुसरी वायर. ओल्या गोंदात करंट सोडायचा म्हणे! स्टेशन जळावं, एवढाच हेतू.
मी दूधखुळा नाही. रॅकेट उघडली, ती दुसरी वायर कापली, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकली.

१२ मार्च
गाळणी घेतल्यामुळे चहात पत्ती येते. रॅकेट नसल्यामुळे डास येतात. बायको दोन्हींबद्दल बोलली. मोठ्या कामाला थोडा त्याग लागतोच. सध्या तो ती करते आहे.

२ एप्रिल
स्टेशन पूर्ण. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण सांगतो, सुंदर झालंय. भिंतीवरची प्रत्येक वीट सुईने कोरली. तिकीटखिडकीची झडप वर-खाली होते. बाकाची एक फळी तुटकी आहे, कारण सासऱ्यांच्या गोष्टीत ती तुटकी असते.
गवत राहिलं. एका संध्याकाळचं काम.

३ एप्रिल
गवत आडवं पडलं. तंतू खराब असणार. दुकानदाराला तसं सांगितलं. त्याने साडूचं नाव काढलं, तेही इथूनच नेतात म्हणाला. चांगला माल कोणाला जातो ते कळलं.

९ एप्रिल
पुन्हा आडवं. हवा दमट आहे.
बाजारात साडू दिसला. हातात हा एवढा खोका! मला पाहून लपवला. खात्री झाली. तोही स्टेशन करतोय. त्याच्या स्टेशनात गाडी धावणार, दिवे लागणार.

१७ एप्रिल
नवी रॅकेट आणली, तिचंही सर्किट काढलं. झटका बसला. हात कोपरापर्यंत बधिर. म्हणजे मशीन चालू आहे. गवताला मात्र त्याचं काही नाही.
ऑफिसच्या इलेक्ट्रिशियनला सहज विचारलं. त्याने मशीन उलटसुलट करून विचारलं, दुसरी वायर कुठे आहे. हाही साडूचा माणूस! साडूचे हात किती लांब पोहोचलेत बघा.

२९ एप्रिल, संध्याकाळी ६
सातवा प्रयत्न. फलाटाच्या टोकाला कोणीतरी हिरवी दाढी करून केस तिथेच टाकल्यासारखं दिसतंय. खरवडून काढलं. बायको म्हणाली, त्याला एक फोन करा. म्हटलं, त्यापेक्षा गवत नसलेलं बरं. ती म्हणाली, बाबांना त्या गवताबद्दल किती वाटतं माहीत आहे ना. माहीत आहे. म्हणून तर.

३० एप्रिल, रविवार, सकाळी १०
साडू गाडी घेऊन आम्हाला न्यायला आला. एक तास आधीच. स्टेशन वाकून पाहिलं. मग झडप हळूच वर-खाली केली. म्हणाला, मला हे सात जन्मांत जमणार नाही. नाटकी माणूस.
मग त्याने विचारलं, दुसरी वायर? बायकोने ड्रॉवरमधून काढून दिली. तिला माहीत होतं! साडूने वायर जोडली, फलाटाच्या टोकाला गोंद लावला, खिळा खुपसला, बटण दाबलं. माझ्या डोळ्यांसमोर गवत उभं राहिलं. चार मिनिटं लागली. आठ आठवडे आणि चार मिनिटं.

रात्री ८
साडूने बाजारात लपवलेल्या खोक्यातून सासऱ्यांसाठी पाय शेकायचं मशीन निघालं.
सासऱ्यांनी चष्मा बदलून स्टेशन पाहिलं. विटा पाहिल्या. झडप उघडून पाहिली. म्हणाले, ठीक. मग फलाटाच्या टोकाशी वाकले आणि फुंकर मारली. गवत हललं. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. म्हणाले, दोघी पोरी इथेच उभ्या राहून गाडीला हात करायच्या, गवत यांच्या कमरेएवढं. डोळे पुसले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, शाब्बास. हे गवत कसं जमवलंस?
मी साडूकडे पाहिलं. साडू म्हणाला, सगळं यांनी एकट्याने केलंय, मला तर काही विचारलंसुद्धा नाही.
मी म्हटलं, दोन वायर लागतात.
आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं. तोंडात आलं होतं. बोललो नाही.
अकरा वर्षांनी शाब्बास मिळालं, ते घरी येईपर्यंतसुद्धा टिकलं नाही. आता साडूच्या गवताचं काही वाटत नाही. तो त्याचं वाक्य किती सहज बोलला, त्याचा हेवा वाटतो. बायकोने विचारलं, चेहरा असा का केलाय. म्हटलं, अपचन. ती जवळ बसून राहिली.

रात्री ८.४०
डास फार झालेत. रॅकेट परत जोडली. डास बसतो, मरत नाही. एक वायर उरली आहे.
साडूला फोन लावला.