घाट चढण्यापुरतं इंजिन

३ मार्च, सकाळी ६.३०
निर्णय पक्का. गाडीला मोठं इंजिन बसवायचं. आमची फोर-व्हील ड्राइव्ह सत्तावीस वर्षांची आहे. चाकं हत्तीची, पण इंजिन शेळीचं. चार महिन्यांपूर्वी सासूबाई सिरीयस म्हणून निघालो, तर भर घाटात तापलं. तीन तास हललं नाही. आम्ही पोचायच्या तासभर आधी सासूबाई गेल्या. तेव्हापासून ही माहेरीच आहे. वडिलांना सोबत म्हणून. ते बरोबरच आहे म्हणा. पण खरं कारण मला ठाऊक आहे. त्या इंजिनावरचा तिचा विश्वास उडालाय.
संकल्प: (१) सहा सिलेंडर. (२) मेच्या आत. (३) तोपर्यंत फोनवर अवाक्षर नाही, सरप्राइज. (४) भांडी ज्या दिवशीची त्या दिवशी घासणे.

४ मार्च
भांडी उद्या.

९ मार्च
बघूमिस्त्रीकडे गेलो. त्याचं खरं नाव कोणालाच माहीत नाही. काहीही विचारा, 'बघू' म्हणतो. इंजिन बसेल का? बघू. कधी बसेल? बघू. मी तीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढले, माझं 'बघू'वर भागत नाही. भंगारात गेलेल्या एका व्हॅनचं इंजिन हेरून ठेवलंय. टेप लावून सगळी मापं घेतली. सगळी.

१५ मार्च, रविवार
पुठ्ठ्याचं इंजिन तयार. फुल साइज, फ्रिजच्या खोक्याचं. गाडीत ठेवलं, बोनेट लावलं. टक्क! वर बोटभर जागा उरली. बघूला मुद्दाम बोलावून दाखवलं. म्हणाला, अजिबात आवाज करत नाही, हेच ठेवा. माणूस रांगडा आहे, कौतुक असंच करतो.
संध्याकाळी लेकीचा फोन. आईशी बोललात का, म्हणाली. म्हटलं, लवकरच तिला एक मोठी गोष्ट सांगणार आहे. तर म्हणे, बाबा, मोठी नको, छोटीशीच सांगा. हल्लीच्या मुलांना पेशन्स नाही.

२९ मार्च
जुनं इंजिन चेन पुलीने वर, बाहेर. नवं आत. म्हणजे जवळजवळ आत. पुठ्ठ्यात मी पंखा धरला नव्हता. पंखा आणि त्याची पुली मिळून चार इंच. रेडिएटर पुढे सरकायला तयार नाही. बघू सगळ्या गॅरेजदेखत म्हणाला, साहेबांच्या इंजिनाला उकडत नसेल. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

३० मार्च
चूक माझी नाही. खोकंच तोकडं होतं.

२ एप्रिल
बघू आजारी. काम बंद. हिच्या कपाटाचं दार उघडून उभा राहिलो. काही घ्यायचं नव्हतं. फार आठवण येते तिची. इंजिन बसलं की बरं वाटेल.

६ एप्रिल
तोडगा निघाला! इंजिन पुढे जात नाही ना, मग मागे न्यायचं. इंजिन आणि सीट यांच्या मधला पत्रा कापायचा. स्टिअरिंगच्या बाजूला दांडा आणि पेडल, तिथे हात लावता येत नाही. तेव्हा शेजारच्या सीटसमोरचा कापायचं ठरलं. इंजिनाचं बूड तिथे आत येणार, वरून पत्र्याची पेटी. कटर चालवायच्या आधी बघूने तीनदा विचारलं, इथे बसणाऱ्याने पाय कुठे ठेवायचे? म्हटलं, ॲडजस्ट होईल. हिने जन्मभर ॲडजस्टच केलंय.
हे वाक्य लिहून दोनदा वाचलं. खोडणार होतो. पेन खाली ठेवलं.

१३ एप्रिल
शेजारच्या सीटवर स्वतः बसून पाहिलं. गुडघे हनुवटीला टेकले. ही माझ्याहून पाच इंच बुटकी, म्हणजे तिला आरामात. एखादी उशी घ्यावी.

२१ एप्रिल
लेक दोन दिवस येऊन गेली. भांडी घासली (तिने). ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, बाबा, आई इंजिनावर नाही रागावलेली. त्या दिवशी घाटात बस थांबली होती. आई पर्स घेऊन निघाली होती. तुम्हीच म्हणालात, थांब, दहा मिनिटांत होतंय.
म्हणालो असेन. पण मला खरंच वाटलं होतं की होईल. शिवाय बस भरलेली होती. उभ्याने जावं लागलं असतं आणि हिची कंबर दुखते. तिच्याच भल्यासाठी थांबवलं. तीन तासांत आणखी बस आली होती का, आठवत नाही.
आली होती.
दोन आल्या होत्या.

२२ एप्रिल
कामात लक्ष घालायचं ठरवलंय. एक्झॉस्टचा पाइप वाकवून आणला. उलटा वाकला.

५ मे, दुपारी ४
सुरू झालं! पहिल्या किल्लीला! गॅरेजच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. बघू पहिल्यांदाच 'झालं' म्हणाला. त्याला मिठी मारली, शर्टाला ग्रीस लागलं. घाट चढेल ना, म्हटलं. बघू, म्हणाला.

१० मे, पहाटे ५
निघतोय. काय बोलायचं ते कागदावर काढलंय. मुद्दे: (१) ताकद. (२) रेडिएटर. (३) उशी. (४) माफी. चौथा वेळ उरला तर.

१० मे, संध्याकाळी
घाट अडतीस मिनिटांत. टेंपरेचरची सुई अर्ध्यावर. सासरे पायरीवर बसले होते, त्यांनी हॉर्न ऐकून कानावर हात ठेवले. ही बाहेर आली. बारीक झालीये. बोनेट उघडून सगळं समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, जेवता का वेळेवर? म्हटलं, हो. मग तिने विचारलं, ओझं घेऊन चढेल का ही? म्हटलं, अगं, अख्खं घर घालून चढेल!
तर म्हणाली, बरं झालं. मग माझं कपाट आणि शिवणयंत्र तेवढं आणून द्या. बाबांनी पुढची खोली दिलीये, तिथे शिवणकाम सुरू करतेय.
रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. हो म्हटलं आणि बोनेट लावलं. कागद खिशातच राहिला.

१२ मे
ही तात्पुरती व्यवस्था असणार. कपाट काय, नेलं तसं परतही आणता येतं.

१७ मे, रविवार
कपाट मागे आडवं घातलं. शिवणयंत्र शेजारच्या सीटवर उभं करून पट्टा लावला. त्याला पाय ठेवायला जागा लागत नाही.
संपूर्ण घाटभर सुईकडे बघत होतो. तापावी, असं वाटत होतं. एकदाच, थोडीशी. ओझ्यासकट तिसऱ्या गिअरमध्ये चढली आणि सुई अर्ध्याच्या वर गेली नाही. एका वळणावर उगीच थांबलो, बोनेट उघडलं. काहीही झालेलं नव्हतं. पाच मिनिटं पाहिलं, मग लावलं.
सासऱ्यांना वजन उचलवत नाही, त्यामुळे कपाट आम्ही दोघांनीच उतरवलं. एका टोकाला ती, एका टोकाला मी. दारात अडकलं. मध्ये कपाट होतं, तिचा चेहरा दिसत नव्हता. तेव्हा म्हटलं. चुकलो. बसमध्ये जाऊ द्यायला हवं होतं तुला.
पलीकडून म्हणाली, माहीत आहे. जरा डावीकडे घ्या.
डावीकडे घेतलं.