सासरची टाकी

सोमवार

आलो एकदाचे सासरी मुक्कामाला. घरजावई झालास म्हणून मित्रांनी मनसोक्त टिंगल केली. पण वरच्या मजल्यावरची हवेशीर खोली, तिला लागून बाथरूम आणि घरमालकाची कटकट नाही, एवढ्यासाठी मी ती टिंगल हसत पचवली. चिमी आल्या आल्या घरभर हुंदडली. आमची लेक पाच वर्षांची आहे, पण आजी-आजोबांना तिने बघता बघता खिशात घातलं.

सासऱ्यांनी मला चहासुद्धा पुरा करू दिला नाही. टाकीतलं पाणी हल्ली उतरतंय, कुठे मुरतंय ते तुमच्या यंत्रांनी शोधा, म्हणाले. माझा धंदाच तो. पाइपांवर सेन्सर बसवायचे, की कुठल्या नळाला किती पाणी जातं ते मोबाइलवर दिसतं. जावई कामाचा निघाला म्हणून सासूबाई खूश होत्या.

एकच खटकलं. इथलं पाणी कोमट लागतं, आणि जरासं गुळचट. चिमीने मात्र पेला गटागटा संपवला आणि आणखी मागितला.

मंगळवार

बाहेरचं मीटर, पंप, स्वयंपाकघर, दोन्ही बाथरूम, सगळीकडे सेन्सर बसवून झाले. पाणी कुठून कुठे चाललंय त्याचा बाण मोबाइलवर येतो. बायको म्हणाली, आता आमच्या आंघोळीवरही तुझा पहारा. राहिली फक्त मागच्या अंगणातली, जमिनीखालची टाकी.

हे लोक पाण्याच्या बाबतीत इतके चिक्कू असतील असं वाटलं नव्हतं. जेवणं झाल्यावर सगळ्यांच्या पेल्यांतलं उष्टं पाणी सासूबाईंनी एका बादलीत ओतलं. सासऱ्यांनी चूळ भरली तीही त्याच बादलीत, चांगलं खाकरून. मला वाटलं, झाडांना घालत असतील. सासूबाईंनी टाकीचं झाकण सरकवलं आणि बादली आत पालथी केली.

मी बायकोला गाठलं. बायको म्हणाली की आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे, टाकीतलं टाकीत जातं, तू उगाच नाक मुरडू नकोस. मी तडक दुकानातून बाटल्या आणल्या. चिमीने बाटलीतल्या पाण्याचा एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून थुंकून टाकला.

बुधवार

सकाळपासून घरात पाणी वाहतंय आणि बाहेरच्या मीटरवर शून्य. मीटर बिघडलं असेल म्हणून बघायला गेलो, तर मेन कॉकच बंद. इतका गंजलाय की पान्ह्यालाही दाद देईना. सासरे म्हणाले, तो तर तुमची बायको लहान होती तेव्हापासून बंद आहे, आम्हाला बाहेरचं पाणी मानवत नाही. मग टाकी कशाने भरते, असं विचारलं, तर माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच अडाणी.

दुपारी टाकीचं झाकण उघडलं. सकाळी उठल्यावर बंद तोंडाला येतो तो वास भसकन नाकात शिरला. पाण्यावर बारीक बुडबुड्यांचा चिकट फेस होता. पातळी मोजणारा सेन्सर आतून लावायला हात घातला, तर भिंत सिमेंटची लागेना. मऊ, ओली, गरम होती, आणि बोटांखाली आडव्या वळ्या. जिभेला आपली टाळू लागते तशा. दचकून हात बाहेर काढला तर कोपरापासून लाळेसारखी जाड तार लोंबत होती. सेन्सर कसाबसा चिकटला होता. मी तिथेच भडाभडा ओकलो.

सासूबाई लगबगीने आल्या आणि त्यांनी ते फडक्याने पुसून, पिळून बादलीत भरलं. पुढचं मी पाहिलं नाही.

शुक्रवार

हात घासून घासून सोलवटला तरी बुळबुळीत वाटतोय. बाटल्या येईपर्यंत मी ते प्यायलोय, हे आठवलं की जीभ खरवडून काढावीशी वाटते. बायको समोर बसून तेच पिते आणि ओठ पुसते. तिच्याजवळ झोपायचीसुद्धा किळस येते आता.

टाकीची पातळी मोबाइलवर दिसते. एरवी स्थिर असते. चिमी चेंडू घेऊन अंगणात गेली की चढायला लागते. तिला आत बोलावलं की थांबते. योगायोग असेल म्हणून मी स्वतः टाकीपाशी उभा राहिलो. काही नाही. सासूबाई उभ्या राहिल्या, काही नाही. चिमी धावत आली आणि पातळी सरसर वर. कुणी एक थेंबही ओतला नव्हता.

सासऱ्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. जावईबापूंचं यंत्र झकास आहे, म्हणाले.

शनिवार

बायकोला सगळं दाखवलं. तिला नवल वाटलं नाही. चिमीची वेणी घालता घालता तिने सांगितलं. बायकोची धाकटी बहीण लहानपणी तापाने गेली असं मला माहीत होतं. ताप नव्हता. चिमीएवढी होती. ती टाकीत गेली आणि त्यानंतर पाणी कधी कमी पडलं नाही. आता पुन्हा उतरायला लागलंय, म्हणून आम्हाला राहायला बोलावलं. भाजी संपली म्हणावं तशा सुरात सांगत होती. आपल्याला आणखी मुलं होतील, असंही म्हणाली.

चिमीला उचललं आणि निघालो. फाटकाला कुलूप. गाडीची किल्ली गायब. भिंत उंच — भावाला फोन केला, उद्या दुपारपर्यंत पोहोचतो म्हणाला. तोवर वरच्या खोलीत कसंतरी काढायचं. पंपाची वायर तोडली. आमच्या बाथरूमला येणारी पाइप पूर्ण रिकामी केली. टाकीतलं काही आमच्यापर्यंत यायला नको.

रविवार

खोली आतून बंद. दाराला कपाट लावलंय. चिमी माझ्याजवळ.

ते तिघं अंगणात उभे आहेत. झाकण काढून ठेवलंय. दार वाजवत नाहीत, हाका मारत नाहीत. नुसते वर बघतायत. बायकोसुद्धा.

पातळी काठाला. फेस फरशीवर उतू चाललाय — सासूबाई हाताने गोळा करतायत —

रविवार, नंतर

भाऊ गावात शिरलाय. आलाच.

चिमीला तहान लागलीय. बाटली दिली तर तिने फेकून दिली. बाथरूममध्ये जाते म्हणाली. जाऊ दिलं. नळ कोरडाच आहे —

चोखल्यासारखा आवाज येतोय. नळाला तोंड लावून बसली असेल वेडी —

मोबाइल वाजला. वरच्या बाथरूमचा सेन्सर. प्रवाह सुरू. बाण खाली, टाकीकडे.

हाक मारली. ओ देत नाही.

पाइप मी रिकामी केलीय. वर पाण्याचा थेंब नाही. मग खाली जातंय ते —