चुक्याच्या कुंडीतले अकरा

५ मे, सकाळी ७
अळ्या मोजल्या. अकरा. हिरव्या, गुबगुबीत. चुक्याचं पान खालून कुरतडतात, वरची कातडी तेवढी ठेवतात. पानाला काच बसवल्यासारखी. यातूनच ते तांब्याच्या रंगाचं चिमुकलं फुलपाखरू निघणार. ३० तारखेला नात येते आहे. फोनवर शब्द दिला, आबा तुला अकरा फुलपाखरं दाखवणार.
शेजारचे पोस्टमास्तर कुंपणावरून दोनदा डोकावले. नोंद असावी.

८ मे
नऊ! पोस्टमास्तर म्हणाले, पक्ष्यांनी नेल्या असतील. पक्ष्यांचं नाव इतक्या चटकन कसं सुचलं?

११ मे, सकाळी ६.४०
एकही नाही. सरळ चोरी. सूनबाई म्हणते, बाबा, अळ्या कोण चोरतं हो? भोळी आहे. पोस्टमास्तरांनी नेमकं आजच चहाला बोलावलं. मनात पाप असल्याशिवाय माणूस इतका गोड होत नाही. गेलो नाही.

१२ मे
ऑपरेशन सुरू. कुंडीतला वाळका पाला झाडून काढला, मातीवर टाल्कम पावडर पसरली. चोराचा ठसा उमटलाच पाहिजे. पाला पोस्टमास्तरांच्या अंगणात भिरकावला. जशास तसं.

१३ मे
ठसा मिळाला! अंगठ्याचा. सूनबाई म्हणते, तुमचाच आहे. तिला कोणी पढवलं?

२० मे
दिवसभर गॅलरीत पहारा. दुपारी डोळे मिटून केसचा विचार केला. दोन तास.

३० मे
नात आली. कुंडीत वाकून म्हणाली, आबा, यात तर काहीच नाही. तेवढ्यात कुंपणापलीकडून पोस्टमास्तरांची हाक, बाळ, इकडे ये, गंमत बघ. त्यांच्या अंगणात उन्हात तांबं उडत होतं! चोर मुद्देमालासकट सापडला म्हणून धावलो. त्यांनी शांतपणे पाल्याचा ढीग दाखवला. वाळक्या पानांत रिकामे कोष. म्हणाले, मास्तर, पाला तुमचाच. मी झाडायचा कंटाळा केला, एवढंच.
शाळेत मुलांना शिकवायचो ती फुलपाखराची कविता मला अजून तोंडपाठ आहे. सहा कडवी. अळी खाली पाल्यात उतरून कोष करते, हे एकाही कडव्यात नाही.
नातीने मोजली. सात. एक नर उन्हातला दगड अडवून बसलेला. मधमाशी येवो, दुसरं फुलपाखरू येवो, अंगावर धावून जायचा. मी वाकलो तर माझ्याही. नात म्हणाली, आबा, हा अगदी तुझ्यासारखा!
पोस्टमास्तर हसले. जरा जास्तच.
चहा त्यांच्याकडे घ्यावा लागला. बरा होता. साखर मात्र विचारून घातली नाही, तरी बरोब्बर माझ्या मापाची. यांना कसं कळलं?