नेटीचं फाटक

रविवार, २७ एप्रिल
टीव्हीवरच्या मालिकेचा सहावा भाग. त्यातले थोरले मालक आपली गुरांची रँच वाचवायला कोणाच्या दारात जात नाहीत. पोर्चवर उभे राहतात, बोटं पट्ट्यात, आणि लोक त्यांच्याकडे येतात. माझं कुठे चुकतं ते कळलं.
संकल्प: यंदा शेजारच्या नेटीकडे जायचं नाही. बावीस वर्षं दर १ मेला तिच्या स्वयंपाकघरात दालचिनीचा केक खायचा आणि विचारायचं, यंदाही गुरं तुमच्या फाटकातून वर नेऊ ना? वरचं कुरण माझं, वाट तिची. दुसरी वाट नाही आणि कुरणाशिवाय रँच नाही, हे खरं. पण म्हणून मिंधं किती राहायचं? यंदा ती येईल.

गुरुवार, १ मे
गेलो नाही. पोर्चवर उभा. वारा फार. कार्लीन म्हणाली, ऑर्व्हल, म्हातारी केक करून बसली असेल, मुकाट्याने जाऊन ये. मी बोटं पट्ट्यात घातली. पँट सैल होतेय का, असं तिने विचारलं. लग्नाला तीस वर्षं झाली.

रविवार, ४ मे
काळी हॅट घेतली, थोरल्या मालकांसारखी. दुकानदार म्हणाला, या हल्ली फार खपतात. जिल्ह्यात जागृती होतेय.
आरशासमोर सराव: "माझ्या जमिनीवर कोणी पाऊल ठेवायचं नाही." कुत्रं उठून गेलं.

मंगळवार, १३ मे
नेटीचा फोन, कार्लीनने उचलला. ऑर्व्हल बरा आहे ना, विचारत होती. म्हणजे घाबरली. मी खुणेने सांगितलं, बाहेर गेलाय म्हण. कार्लीन फोनवर म्हणाली, इथेच उभा आहे, हॅट घालून. हिला डावपेच कळत नाहीत.

शुक्रवार, २३ मे
खालचं गवत संपलं. गाई फाटकापाशी उभ्या राहून माझ्याकडे बघतात. मालिकेत गवताचा विषय कधी निघत नाही.
नेटीच्या अंगणात कॅलिफोर्नियाच्या नंबरची मोठी गाडी. तिचा भाचा असेल.

रविवार, १ जून
भाचा नव्हता. नेटीने जागा विकली आणि बिलिंग्जला मुलीकडे निघाली. कार्लीन भेटून आली. नेटी तिला म्हणाली, चार दिवस केक झाकून ठेवला गं. फोनही केला. म्हटलं, याला आता वाट नको असेल. आला असता तर विकताना त्याची वाट कागदात घालून घेतली असती.
एकीकडे कडा, एकीकडे नदी, समोर फाटक. आजोबांची रँच, आणि मी तिच्यात कोंडलेला. आज मालिका लावली नाही.

सोमवार, २ जून
कार्लीनने दालचिनीचा केक केला. घेऊन गेलो.
फाटकाला नवं कुलूप. नवा मालक पोर्चवर. बोटं पट्ट्यात, काळी हॅट. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "माझ्या जमिनीवर कोणी पाऊल ठेवायचं नाही." माझ्यापेक्षा छान म्हणाला.
मी हॅट काढली आणि केक कुठे ठेवू ते विचारलं. तो म्हणाला, फाटकाबाहेर.
ठेवला. गाई बघत होत्या.