दारांवरची अकरा नावं

९ सप्टें.
जिन्यात दिवा लागला. रामबाबूने वायर ओढली. वरच्या मजल्यावरचा, बिहारचा, अंबडच्या कारखान्यात फिटर. सोडतीत या घरकुलात घर लागलेले बाकी कुणी आलेच नाहीत. गाव लांब, बस नाही. चार वर्षं अख्ख्या इमारतीत मी एकटा आणि कबुतरं. रामबाबू आणि हे बाकीचे लोक रिकाम्या घरांची कुलपं तोडून शिरले तेव्हा तक्रार मीच केली होती. आता लाज वाटते.

२१ सप्टें.
ताप. समोरची पार्वती (सुरगाण्याकडची, बांधकामावर जाते) पेज देऊन गेली. विचारलं नाही, सांगितलं नाही, सरळ आत.

५ ऑक्टो.
दिवाळीआधी सगळ्यांनी मिळून जिन्याला चुना मारला. निळा ऑइलपेंट उरला. पार्वती म्हणे, "काका, तुमी बोर्ड रंगवायचे ना? आमचंबी नाव लिवा दारावर. जलमात दारावर नाव नाय पाह्यलं." फ्लेक्स आल्यापासून ब्रश धरला नव्हता. पहिली रेघ पुसून परत ओढली, मग जमलं.

७ ऑक्टो.
अकराही दारं झाली. रामबाबूला हिंदीत हवं होतं. म्हटलं, लिपी एकच आहे बाबा. फार दिवसांनी पोटभर जेवलो.

१४ नोव्हें.
सर्वे. घरकुलाच्या ऑफिसातून दोघं आले, हातात सोडतीची यादी. सगळे कामावर. एकही दार वाजवलं नाही. नाव वाचायचं, यादीत बघायचं, फुली मारायची. अर्ध्या तासात गच्ची. जाताना एक म्हणाला, "बरं झालं नावं लिहिलीत, नाहीतर खरं कोण सांगतं?" आणि मी त्यांना चहा पाजला. चहा!

१७ नोव्हें.
अकराही दारांवर नोटिसा. पंधरा दिवसांत घर खाली करा. यादीत मी एकटाच. पार्वतीला म्हटलं, माझ्यामुळे झालं. भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी नसतं लिवलं तरी आले असते ते." मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. नाही वाटलं.

२६ नोव्हें.
ऑफिसातला क्लार्क म्हणतो, तुम्ही यात पडू नका, तुमचं घर पक्कं आहे. पक्कं. कुणासाठी?

३० नोव्हें.
नोटिशींवर हरकत घेतली होती, त्याची सुनावणी उद्या सकाळी अकराला. बोलायला मीच उभा राहणार, सगळ्यांनी ठरवलं. काय बोलायचं, तीन कागद फाडले.
संध्याकाळी पार्वती खाली घेऊन गेली. पाण्याची मोटर कशी लावायची ते दाखवलं. आधी वॉल्व्ह, मग बटण. दोनदा करून घेतलं माझ्याकडून.
"आमी नसलो तर तुमाला पानी कोन चढवंल, काका?"