वाजवण्याचा अधिकार

४ फेब्रुवारी

“आपल्याला ही फाइल वाजवण्याचा अधिकार नाही.” कॉम्प्युटरने आज मला हे सांगितलं. तीनदा, कारण मी तीनदा क्लिक केलं.

ह्यांचा आवाज आहे तो. एकतीस वर्षं संसार केला, आणि अधिकार नाही म्हणे!

५ फेब्रुवारी

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं जागेवर येईल.

हे बसस्थानकावर घोषणा करायचे. कुठली गाडी कुठल्या फलाटावर – अख्खं गाव ह्यांच्या आवाजावर पळायचं. मग घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात हे स्थानकातल्या खोलीत एकटेच बसून बोलले, त्याची सीडी करून आणली, घरच्या कॉम्प्युटरवर चढवली आणि सीडी स्थानकाची म्हणून परत देऊन आले. चौदा फाइली. शेवटचीचं नाव ‘घरासाठी’.

आठ महिने मी एकही उघडली नाही. हिंमत झाली नाही. हे पाटीवर लिहितात, मी वाचते, असं चाललंय. काल शाळेच्या गणवेशांचं शिवण संपलं, हे वाचनालयात गेले होते. वाटलं, आज ऐकूया.

८ फेब्रुवारी

दुरुस्तीच्या दुकानातली बाई येऊन गेली. हे घरी नसताना बोलावली.

“काकू, फाइली धडधाकट आहेत. कुलूप लागलंय त्यांना. सीडीवरून काही चढवलं, की कोणी नक्कल करू नये म्हणून तुमची जुनी सिस्टिम आपोआप कुलूप लावायची. किल्ली त्याच सिस्टिममध्ये. डिसेंबरात नवी घालून घेतलीत ना? तेव्हा किल्ली पुसली गेली.”

मी म्हटलं, “अगं, पण हे गाणं नाही. आमच्या घरातलं बोलणं आहे.”

“त्याला काय कळतंय? त्याच्या लेखी सगळे चोरच.”

कंपनीकडे दुसरी किल्ली मागायची तर ती द्यायची सोयच त्यांनी बंद केली आहे. बाईने दोन तास खटपट केली, चहाही घेतला नाही.

नवी सिस्टिम घाला म्हणून मीच ह्यांच्या मागे लागले होते. कॉम्प्युटर फार हळू चालतो, म्हणून.

१२ फेब्रुवारी

स्थानकावर फोन केला. ह्यांच्या जोडीला असायचे ते चौकशी खिडकीवाले भेटले. “वहिनी, ती खोली पाडली. सीड्या केव्हाच भंगारात गेल्या.” मागे घोषणा चालू होती. मशीनमधली कुणी बाई बोलत होती. गाडी कुठली ते मला कळलंच नाही.

१३ फेब्रुवारी

ह्यांना सांगायचं नाही.

२० फेब्रुवारी

हात कामात असले की आठवायचा प्रयत्न करते. शब्द आठवतात, आवाज येत नाही.

घोषणांचं काही वाटत नाही मला, त्या तर गावाच्या होत्या. मला हवाय तो दुसऱ्या खोलीतून यायचा, दाढी करताना स्वतःशीच पुटपुटायचे तो. एक शब्द धड कळायचा नाही. घरात माणूस आहे, एवढंच कळायचं. तेव्हा मी म्हणायचे, जरा गप्प बसा हो.

२ मार्च

वन्सं आल्या होत्या. जेवणं झाल्यावर म्हणाल्या, “वहिनी, दादाचं ते रेकॉर्डिंग लाव ना.” हे समोरच. मी म्हटलं, “स्पीकर बिघडलाय.” ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

वन्सं गेल्यावर पाटी पुढे आली. “स्पीकर चांगला आहे.”

ह्यांनी पुसलं, पुन्हा लिहिलं – “जानेवारीत मीही लावून पाहिलं होतं. तुला सांगवेना.”

म्हणजे महिनाभर आम्ही दोघंही एकमेकांपासून तेच लपवत होतो. हसूही आलं, रडूही.

विचारलं, “शेवटच्या फाइलीत काय बोलला होतात?”

ह्यांनी पाटी पुसली. मग – “आठवत नाही.” खोटं. खोटं लिहिताना ह्यांची ओळ खाली उतरते.

३ मार्च

इस्पितळातल्या वाचा शिकवणाऱ्या बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं – हवा गिळायची आणि अन्ननलिकेतून बोलायचं, जमतं लोकांना. ह्यांनी ठणकावून लिहिलं होतं, “ढेकरा देत बोलू? माझा आवाज ठेवलाय कॉम्प्युटरात.”

आज सकाळी पाटीवर – “त्या बाईंचा नंबर कुठे ठेवलास?”

१५ मार्च

दर मंगळवारी जातात. घरी दार लावून सराव. बाहेर येतात तेव्हा चेहरा लाल, शर्ट घामाने ओला. मी तेवढा वेळ शिवणाचं मशीन चालू ठेवते, त्यांना संकोच नको. परवा तर सुईत दोराच नव्हता.

३० एप्रिल

अजून काही नाही.

२१ मे

नाही. गेल्या आठवड्यात पाटी फेकली. मी तुकडे भरले, दुसरी आणली. मंगळवारी गेले मात्र.

१९ जून

कॉलरला टाचण्या लावत होते. पाठीमागून आलं – “अ… गं.” मध्ये एक श्वास. घोगरा, खरखरीत, जन्मात न ऐकलेला आवाज.

मी लगेच वळले नाही. पुन्हा म्हणतील म्हणून.